काढून टाका एकदाचा

आपल्या पुराणांत दात गेल्याच्या ज्या हकिकती आहेत त्यांत कीड कुठेच नाही, भांडणं आहेत. दक्षाच्या यज्ञात सासऱ्या-जावयाचं वाजलं आणि त्यात पूषा नावाच्या देवाची बत्तिशी गेली. भागवतात कारण स्वच्छ दिलं आहे: दक्ष शंकराला नाही नाही ते बोलत होता, तेव्हा हे गृहस्थ दात दाखवून हसत होते. वीरभद्राने तेवढं लक्षात ठेवलं. पुढे शंकराचा राग उतरल्यावर तडजोड झाली ती अशी, की पूषाने इथून पुढे पीठ खावं आणि चावायची वेळ आलीच तर यजमानाच्या दातांनी चावावं. आता यजमानाने ते कसं जमवायचं याचा खुलासा नाही. गणपतीच्या तुटक्या दाताची तर दोन कारणं सांगतात. एका कथेत परशुरामाचा परशू लागला. दुसरीत महाभारत लिहायला लेखणी हवी म्हणून त्याने आपण होऊन मोडून घेतला. दात एक, कारणं दोन, आणि दोन्ही मानणारी माणसं एकाच आरतीला टाळ्या वाजवतात.

त्यामुळे माझ्या दाढेच्या कारणावरून घरात, सोसायटीत आणि डोंबिवली फास्टच्या डब्यात मतभेद झाले, याचं मला नवल वाटत नाही.

दाढ खालची, डावीकडची, पहिली मोठी. ही सहाव्या वर्षाच्या सुमारास येते आणि फार गुपचूप येते. पुढचे पक्के दात कसे, दुधाच्या दाताला हलवून, रडवून, उंदीरमामाला निरोप धाडून येतात. ही मात्र दुधाच्या दाढांच्या मागे रिकाम्या जागेत उगवते. कोणी पडत नाही, म्हणून कोणाला कळतही नाही. आईबापांना वाटतं दुधाचीच आहे, पडेल आपोआप. ती आलेली असते जन्मभरासाठी, आणि तिच्याकडे पहिली काही वर्षं कोणी ढुंकून पाहत नाही. म्हणून पोरवयात किडणाऱ्या पक्क्या दातांत हिचा नंबर वरचा. माझ्या दाढेला मात्र कीड नव्हती. हे मुद्दाम सांगतो, कारण दाढ काढली म्हटलं की लोक आधी तुमच्या तोंडाकडे, मग तुमच्या बालपणाकडे आणि शेवटी तुमच्या आईकडे संशयाने बघतात.

दुखणं जरा विचित्र होतं. चावताना दुखत नव्हतं, चावून सोडताना दुखायचं. भाकरीचा घास दाढेखाली व्यवस्थित दाबला जायचा आणि तोंड उघडायला गेलं की मस्तकात कळ. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "सोडताना कसं दुखेल? दुखायचं तर चावताना दुखेल ना. अहो, तुम्हाला नक्की दुखतंय का?" लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणसाला स्वतःच्या दुखण्याचा दाखला बाहेरून आणावा लागतो. आम्ही तो आणायला निघालो.

आमच्या दंतवैद्य बाई माझ्या भाचीहून थोड्याच मोठ्या असतील. मला काका म्हणतात. त्यांनी दाढेच्या एका टोकावर प्लॅस्टिकची बारीक कांडी ठेवली आणि म्हणाल्या, "चावा, काका. घट्ट. आता हळूच सोडा." मी खुर्चीतून उडालो. बाईंचा चेहरा उजळला. "अगदी पुस्तकात दिलंय तसं!" त्या हाताखालच्या मुलीला म्हणाल्या. "बघितलंस? सोडताना कळ, म्हणजे भेग." चावताना भेगेच्या दोन बाजू किंचित फाकतात, सोडलं की झटकन मिटतात आणि आतली नस खवळते, असं त्यांनी समजावलं. मी विजयी मुद्रेने बायकोकडे पाहिलं. ती एक्स-रेच्या पडद्याकडे पाहत होती. "पण यात तर काहीच दिसत नाही," ती म्हणाली.

खरंच काही दिसत नव्हतं. भेग किरणांच्या रेषेत असेल तरच एक्स-रेत उमटते, आडवी असेल तर बेमालूम लपते. मग बाईंनी खुणा आखलेली एक बारीक सळई घेतली आणि हिरडी आणि दाढ यांच्या फटीत फिरवत आकडे सांगायला सुरुवात केली. मुलगी लिहून घेत होती. दोन, तीन, दोन, दोन, तीन. मिलिमीटर. एवढी फट निरोगी माणसाला असतेच. मी निर्धास्त झालो होतो, तेवढ्यात एका जागी सळई खाली गेली, आणखी खाली गेली, आणि बाई म्हणाल्या, "नऊ." मुलीने लिहिणं थांबवून विचारलं, "नऊ?" "नऊ." मला काही कळत नव्हतं, पण परीक्षेत सोडून दुसरीकडे आकडा एकदम वाढला की बातमी चांगली नसते एवढं समजण्याचं माझं वय झालेलं आहे.

अर्थ असा होता की भेग मुळात उतरली होती. वरच्या वर असती तर कॅप बसवून दाढ वाचली असती. हाड मोडलं तर जुळतं, कारण ते आतून जिवंत असतं. दाताचं तसं नाही. त्याचं वरचं कवच शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ, पण एकदा तडकलं की तडकलं. आणि मुळाला भेग गेली की तिच्यातून जंतू थेट हाडापर्यंत ये-जा करतात. "काढावी लागेल, काका."

"पण तडकली कशाने?" मी म्हणालो. "मी सुपारी खात नाही, बर्फ चावत नाही, सोड्याच्या बाटल्या दातांनी उघडायचं वय गेलं."

बाईंनी बाकीच्या दाढांवर आरसा फिरवला. सगळ्यांचे माथे घासून सपाट झाले होते. "रात्री दात खाता का हो?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण ते आधीच उघडं होतं, आणि बायको म्हणाली, "खातात! पहाटे करकर असा आवाज येतो. मी किती दिवस माळ्यावर उंदीर शोधत होते."

झोपेत दात खाणाऱ्या माणसाचा जबडा जागेपणी जेवताना लागतो त्याच्यापेक्षा किती तरी जास्त जोर लावू शकतो, कारण जागेपणी आवरणारं जे कोणी डोक्यात असतं ते झोपलेलं असतं. बाई हे सांगत होत्या, पण बायकोचं लक्ष दुसरीकडे लागलं होतं. घरी येताना रिक्षात तिने विचारलं, "कोणावर?"

"काय कोणावर?"

"दात कोणावर खाता?"

आता याला काय उत्तर द्यायचं? झोपेतलं दात खाणं असं कोणावर नसतं, तो जबड्याच्या स्नायूंचा उद्योग आहे, हे मी सांगितलं. तिने ऐकून घेतलं. रात्री जेवताना म्हणाली, "माझी आई राहायला येणार म्हणून फोन आला, त्या रात्री आवाज जरा जास्तच होता." मी साहेबांचं नाव घेतलं. ते तिला पटलं नाही, कारण साहेबांबद्दल मी जागेपणीच पुरेसं बोलतो. मग मी सोसायटीच्या चेअरमनांचं नाव घेतलं. त्यावर प्रकरण तूर्त मिटलं. पण तेव्हापासून पाहुणे येऊन गेले की दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्याकडे नीट बघते.

डब्यात गाल धरून बसलो तर आमच्या ग्रुपने कोपरच्या आत निदान केलं आणि दिव्यापर्यंत उपचार. लवंगेचं तेल, तुरटीच्या गुळण्या, मिठाची पुरचुंडी. एकाने गावाकडे रिंगणीच्या बियांची धुरी देतात ती सुचवली; धुरी घेतली की दाढेतले किडे पटापट पाण्यात पडतात, त्याने स्वतः पाहिले होते. त्या तापलेल्या बियांतून सुटलेले कोंब असतात, दाढेत किडे राहत नाहीत, असं मी म्हणालो. तेव्हा त्याने मला विचारलं की मग मुंब्र्यापर्यंत तुमचा गाल का धरलाय. पण काढायचा विषय निघाला तशी सगळ्यांची एकच शंका निघाली. "वरची की खालची?"

"खालची."

डब्याने सुटकेचा नि:श्वास टाकला. "मग काढा. वरची असती तर डोळा गेला असता."

वरची दाढ काढली की नजर जाते, ही समजूत महाराष्ट्रात इतकी पक्की आहे की तिला रेशनकार्ड मिळायला हरकत नाही. शिकलेली माणसंही वरच्या दाढेपाशी येऊन अडखळतात. मी तिच्या मुळाशी जायचं ठरवलं आणि गेलो तो थेट सुश्रुतापर्यंत. सुश्रुतसंहितेत सांगितलं आहे की वरचा दात हलत असला तरी वैद्याने उपटू नये. रक्त फार वाहून रोग्याचा डोळा जाईल, तोंड वाकडं होईल. त्या काळात ते चुकीचं म्हणता यायचं नाही. आत उतरलेला संसर्ग थांबवायला औषध नव्हतं आणि वरच्या दाढांचा पू वर चढला तर डोळ्यापर्यंत जाऊ शकतो. पण नुसत्या दाढ काढण्याने डोळ्याला काही होत नाही. मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्या आहेत; डोळ्याला दिसतं ते दुसरीने, दाढ दुखते ती पाचवीमुळे, आणि या दोघींचं आपापसात काही देणंघेणं नाही. मग दाढ काढल्यावर चष्म्याचा नंबर वाढलेला प्रत्येकाचा मेव्हणा कुठून येतो? माझा आपला साधा तर्क आहे. ज्या वयात माणसाच्या वरच्या दाढा निघायला लागतात, त्याच वयात त्याला चाळिशी लागते. दंतवैद्याकडून आलेला माणूस संध्याकाळी पेपर लांब धरून वाचतो आणि घरातले म्हणतात, "बघा, सांगितलं होतं."

हा तर्क मी आत्याला ऐकवला. आत्या कराडकडची. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आलेली, तोंडात वर-खाली संपूर्ण कवळी. म्हणजे वादी, पुरावा आणि साक्षीदार तिन्ही एकाच खाटेवर बसलेले.

"आरं बाळ्या, वरचं काढलं म्हणून तर मोतीबिंदू झाला."

"आत्या, तो वयाने होतो."

"वय तर खालचं दात काढलं तवाबी व्हतंच की. तवा का न्हाय झाला?"

आत्याच्या दातांची गोष्ट निराळी आहे. तिच्या एकाही दाताला कीड नव्हती, आणि हे ती अजूनही अभिमानाने सांगते. "समदे धडधाकट. नुसते हालायचे." कारण पत्र्याच्या त्या गोल डबीत होतं. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, की झाली मशेरी. सकाळी उठल्यावर बोटाने दातांना लावायची, मग जेवणानंतर, मग भांडी घासताना, मग कोणी आलं म्हणून, मग कोणी आलं नाही म्हणून. तंबाखूने हिरड्यांचा रक्तपुरवठा मंदावतो. त्यामुळे हिरड्या आतून खराब होत असल्या तरी फारशा रक्ताळत नाहीत आणि माणसाला वाटतं आपलं उत्तम चाललंय. दाताभोवतीचं हाड मात्र हळूहळू खाली सरकत जातं. दात शाबूत आणि त्याला धरणारं काही नाही, याला पूर्वी सरसकट पायोरिया म्हणत. मधुमेह असला तर हेच आणखी भराभर होतं. तालुक्याच्या डॉक्टरांनी आत्याला सांगितलं की पाच-सहा काढू, बाकीचे बघू. आत्या म्हणाली, समदेच काढा. सारखं सारखं एसटीने कोण येणार? वैद्यकाच्या पुस्तकात हे कारण सापडायचं नाही, पण आपल्याकडे निम्मे निर्णय एसटीच्या वेळापत्रकावर होतात. दात गेले, मशेरी राहिली. आता ती हिरड्यांना लावते आणि कवळी पदराला पुसते.

तिच्यासमोर माझ्या भाचीचा विषय निघायला नको होता. भाची पुण्याला असते, दातांना तार लावून घेतली आहे. जबडा लहान आणि दात मोठे, म्हणून पुढचे वेडेवाकडे आलेले. जागा करायला वर-खाली दोन्ही बाजूंच्या मिळून चार उपदाढा काढल्या. चारही निरोगी, कोवळ्या, न किडलेल्या. आत्याने हे दोनदा समजावून घेतलं.

"किडलेल्या न्हवत्या?"

"नाही."

"हालत न्हवत्या?"

"नाही गं."

"आन् पैसं कुनी कुनाला दिलं?"

ते कळल्यावर ती बराच वेळ गप्प बसली. नंतर एकदम म्हणाली, "म्हंजे चांगला दात पैसं देऊन काढायचा आन् सडका पैसं देऊन ठिवायचा." आधुनिक दंतवैद्यकाचा अर्थव्यवहार इतक्या थोडक्यात मांडलेला मी तरी वाचलेला नाही.

बाईंच्या दवाखान्यात बाहेर बसलो की हा व्यवहार प्रत्यक्ष बघायला मिळतो. भिंतीवर रंगीत तक्ता आहे. त्यात काढण्याजोग्या दातांची चित्रं आहेत: भरायला भिंतच न उरलेला किडका, हाड झिजून डुगडुगणारा, मुळापाशी तुटलेला, हिरडीखाली आडवा होऊन पुढच्या दाढेला टेकलेला, आणि दुधाचा असून वय उलटलं तरी जागा न सोडणारा. (शेवटचं चित्र मी चेअरमनांना दाखवणार आहे.) आडव्या अक्कलदाढेवरचे विनोद सगळ्यांना पाठ असल्यामुळे ते इथे करत नाही. बायकोची तशी होती, काढली, सुजली, उतरली.

पण तक्त्यातली कारणं आणि खुर्चीतली कारणं यांचा मेळ क्वचितच बसतो. माझ्या आधी एक रिक्षावाले दादा होते. दार उघडंच होतं, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. दाढ किडलेली, नसेपर्यंत गेलेली, पण वाचण्यासारखी. बाई पोटतिडकीने सांगत होत्या: नस काढून साफ करू, भरू, वर कॅप घालू, दोन-तीन वेळा यावं लागेल, दाढ पुढे कित्येक वर्षं चालेल.

"मॅडम, काढली तर किती वेळा यावं लागेल?"

"एकदा. पण दादा, दाढ चांगली आहे."

"चांगली आहे, पण दुखते ना. काढून टाका एकदाची. उद्या धंदा लावायचाय."

बाईंनी खर्चाचे हप्ते करून द्यायची तयारी दाखवली. दादांनी नम्रपणे सांगितलं की हप्ता रिक्षेचा चालू आहे, दाढेचा नको. दाढ निघाली. ते बोळा दाबून, आम्हा सगळ्यांना मानेनेच नमस्कार करून, मीटर टाकायला गेले.

त्यांच्यानंतर एक आजी. त्यांचा समोरचा दात इतका हलत होता की बोलताना त्याची दिशा बदलायची. तो काढलाच पाहिजे, शेजारच्यांना धोका आहे, असं बाई सांगत होत्या. आजी हटून बसल्या होत्या. नातीचं लग्न वैशाखात, फोटो निघणार, तोवर राहू दे. "तो राहणार नाही हो आजी, आपण होऊन पडेल." "पडला तर पडला. मी काढला असं नको व्हायला." शेवटी बाईंनी त्याला बारीक तारेने शेजाऱ्यांशी बांधून दिलं आणि आजी आशीर्वाद देत उठल्या.

माझ्या साडूंची तऱ्हा त्याहून वरताण. त्यांच्या हृदयाची झडप बदलायची होती. सर्जनने आधी दंतवैद्याकडे धाडलं, कारण खराब दातांतले जंतू रक्तातून जाऊन नव्या झडपेवर ठाण मांडू शकतात. दोन दाढा काढायला सांगितल्या. छाती उघडायच्या कागदावर साडूंनी चष्मासुद्धा न लावता सही केली होती. दाढांचं ऐकून म्हणाले, "दुसऱ्या डॉक्टरचं मत घेऊ."

काढायच्या आदल्या रात्री मी वाचत बसलो. वाचू नका असं बायकोने सांगितलं होतं. दात काढायला इतिहासात जी कारणं पुरेशी ठरली आहेत ती वाचून झोप उडते. रशियाच्या पीटर द ग्रेटला दात उपटायची हौस होती. दरबाऱ्यांपैकी कोणाचा दात दुखतोय असं कळलं की बादशहा स्वतः पक्कड घेऊन हजर. त्याने उपटलेले दात सेंट पीटर्सबर्गच्या कुन्स्तकामेरा संग्रहालयात आजही आहेत. गाल सुजलेला असताना दरबारात हसतमुख राहायचं, म्हणजे तिथल्या नोकरीचे हाल आमच्या ऑफिसपेक्षा जास्त होते. पुढे 1910 साली विल्यम हंटर नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने कॅनडात मॅकगिल विद्यापीठात व्याख्यान दिलं की तोंडातला छुपा संसर्ग शरीरातल्या नाना रोगांचं मूळ आहे. झालं! सांधे दुखतात, काढा दात. पोट बिघडलं, काढा दात. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या ट्रेन्टनच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख हेन्री कॉटन यांनी कळस केला. वेडाचं मूळ दातांत आहे असं त्यांनी ठरवलं आणि रुग्णांचे दात काढत सुटले. दातांनी भागेना तेव्हा टॉन्सिल आणि आतड्यांपर्यंत गेले. त्यात माणसं दगावली. स्वतःचे दातही त्यांनी काढून घेतले होते, म्हणजे माणूस निदान लबाड नव्हता. दिवा मालवताना बायको म्हणाली, "काय वाचलंत?" मी म्हणालो, "वेड लागलं तर दात काढायचे." ती म्हणाली, "तुमची एकच काढतायत ना?"

दुसऱ्या दिवशी खुर्चीत. रक्तदाब झाला, साखर विचारली, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू नाहीत ना याची तीनतीनदा खात्री झाली. मग सुई. खालच्या दाढेला दाढेपाशी सुई देऊन भागत नाही, हाड जाड असतं. जबड्याच्या मागच्या कोपऱ्यात, नस हाडात शिरते तिथेच तिला गाठतात. औषध लिग्नोकेन, स्वीडनमध्ये नील्स लोफग्रेनने ते 1943 साली तयार केलं. त्याच्या आधी जवळजवळ शंभर वर्षं अमेरिकेत होरेस वेल्स या दंतवैद्याने 1844 साली नायट्रस ऑक्साइड हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली होती, दुखतं का ते पाहायला. दुखलं नाही. पुढच्या महिन्यात बॉस्टनला चार लोकांसमोर तोच प्रयोग करायला गेला आणि रोगी नेमका ओरडला. मी ओरडलो नाही. अर्धा ओठ, अर्धी जीभ आणि हनुवटीचा एक भाग माझा राहिला नाही, इतकंच.

दात काढणं म्हणजे ओढणं असा माझा समज होता. बाईंनी ओढलं नाही, ढकललं. दात हाडाला चिकटलेला नसतो. दोहोंच्या मध्ये पाव मिलिमीटरच्या आतबाहेरचा धाग्यांचा थर असतो आणि दात त्यात टांगलेला असतो. ते धागे तोडायचे आणि हाडाचा खळगा हळूहळू रुंद करायचा, एवढंच काम. दाढेची दोन मुळं फाकलेली होती म्हणून बाईंनी आधी तिचे मधोमध दोन तुकडे केले. दुखत काहीच नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. जबड्याचं हाड कानाला लागूनच असतं, आवाज बाहेरून यायची गरजच पडत नाही. ओला बांबू पिळल्यावर येतो तसला एक आवाज आला, आणि बाई म्हणाल्या, "एक." थोड्या वेळाने, "दोन."

त्यांनी तुकडे ट्रेमध्ये जोडून दाखवले. पिवळट, माझ्या कल्पनेपेक्षा लांब, आणि मागच्या मुळावर वरून खाली केसाएवढी तपकिरी रेघ. "ही बघा भेग." एवढ्याशा रेघेवर मी घरात इतके दिवस खोटा ठरत होतो. मी बायकोला आत बोलवायला सांगितलं. तिने चष्मा लावून दोन्ही तुकडे नीट न्याहाळले आणि म्हणाली, "केवढा राग तो!"

मग सूचना. बोळा तासभर घट्ट दाबून ठेवायचा. चोवीस तास चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, स्ट्रॉने प्यायचं नाही, कारण खळग्यात रक्ताची जी गुठळी बसते तीच जखमेचं झाकण. ती निघाली की दोन-तीन दिवसांनी हाड उघडं पडून असं ठणकतं की मूळ दाढदुखी बरी. तंबाखू वर्ज्य. गरम वर्ज्य. आइस्क्रीम चालेल. नातेवाइकांनी सगळ्या सूचनांतली ही एकच ऐकली आणि जो आला तो आइस्क्रीम घेऊन आला. त्यातलं बरंचसं आत्याने संपवलं. तिचं म्हणणं, थंड लागायला दात लागतात, तिला काय!

टाके निघाल्यावर बाईंनी पुढचं सांगितलं. जागा रिकामी ठेवली तर मागची दाढ पुढे कलते. वरची, जिला आता चावायला जोडीदार उरला नाही, ती खाली उतरत येते. मध्ये अन्न अडकतं, हिरड्या बिघडतात, आणि काही वर्षांनी त्याही काढायच्या यादीत जातात. दात काढण्याच्या कारणांत हे कारण तक्त्यावर नाही: आधी एक काढलेला असणं. यावर उपाय दोन. शेजारचे दोन चांगले दात घासून पूल बसवायचा, किंवा इम्प्लांट. हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवतात आणि हाड त्याला धरून वाढतं. स्वीडनच्या ब्रॅनेमार्क यांनी 1965 साली पहिल्यांदा माणसाच्या जबड्यात तो बसवला. आणि रात्रीसाठी दातांवर घालायचं एक पारदर्शक प्लॅस्टिकचं कवच वेगळं.

कवच करून घेतलं. आता रात्री आवाज येत नाही, त्यामुळे बायकोला पहाटे झोप लागत नाही. मी काय विचार करतोय याचा तिला अंदाज लागेनासा झालाय. इम्प्लांटचा आकडा मी घरी येऊन चहाच्या वेळी सांगितला. आत्याने कवळी काढली, पदराला पुसली, परत बसवली.

"एका दाढंला?"

"हो."

"तेवढ्यात दोन दुभत्या शेळ्या येत्यात." तिने बशीतला चहा संपवला. "आन् दुधाला दाढ लागत न्हाय."